दादा, घड्याळ आज्याचंच होतं

दादा, तुझ्या दहाव्याला मी भांडले. हे आधीच सांगून टाकते, कारण वहिनी सोडून बाकी सगळ्यांनी मलाच बोल लावला. तू असतास तर तूही डोळे वटारून "शोभे, गप बस" असंच म्हणाला असतास. पण तू नव्हतास. खाडीच्या काठावर केळीच्या पानात तुझा पिंड होता, आणि कावळा काही केल्या शिवत नव्हता.

आपल्याकडे मग काय सुरू होतं ते तुला ठाऊक आहे. एकेक जण पुढे येतो, हात जोडतो आणि मेलेल्या माणसाचं काय राहून गेलं असेल त्याचा अंदाज बांधत बसतो. वहिनीला अंतर देणार नाही, म्हणून झालं. बोनकोड्याचं घर बिल्डरला देणार नाही, म्हणून झालं. कावळे शेजारच्या कुणाच्या तरी पानावरचे वडे खाण्यात दंग होते. तेवढ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला आपल्या वडिलांचा, आबांचा, चुलतभाऊ बाळाराम काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "त्याचा जीव त्या घड्यालान अडकलाय. शेटाचा माल घरान ठेवलाव, मंग कावला शिवंल कसा?"

दोघं-चौघं हसले. तुझ्या दहाव्याला हसले, दादा.

माझं डोकंच फिरलं. पदर खोचून मी पिंडासमोर जाऊन उभी राहिले आणि ओरडून म्हटलं, "दादा, ते घड्याळ कुणी बनवलं, कुणासाठी बनवलं, ते मी शोधून काढते. आणि या काकाच्या तोंडावर सांगते." भटजी दचकले. कावळ्याने मात्र माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी आपापल्या गाड्या काढून निघून गेली.

आज्याच्या घड्याळाची गोष्ट तुला मी काय सांगणार? तीच तर ऐकत आपण वाढलो. पण मला ती एकदा माझ्या तोंडाने सांगू दे. आजवर ती दुसऱ्यांनीच सांगितली आहे, आणि प्रत्येकाने तिला आपल्या सोयीचं शेपूट लावलं आहे.

आपला आजा खाडीकडच्या मिठागरात मुकादम होता. मिठागराच्या शेटाचं सोन्याचं खिशातलं घड्याळ एकदा बांधावर हरवलं. शोधलं, सापडलं नाही, विषय मिटला. पुढे कधीतरी कुणाच्या तरी हळदीत, भर मांडवात, आज्याने कोटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ काढून वेळ बघितली. बस, एवढंच. घड्याळ पिवळंधमक होतं आणि आजा मिठागरातला माणूस होता, एवढ्यावर गावाने निकाल लावून टाकला. कुणीतरी जाऊन शेटाच्या कानात सांगितलं. शेटाने पोलीस आणले नाहीत, घड्याळ मागितलंही नाही. नुसतं आज्याला मुकादमीवरून काढलं आणि त्या जागी बाळाराम काकाच्या बापाला बसवलं. आज्याला गावाने विचारलं तेव्हा तो दोन शब्द बोलला, "माजा हाय." त्यानंतर मरेपर्यंत त्याने त्या विषयावर तोंड उघडलं नाही, आणि घड्याळ पुन्हा कधी खिशात घातलं नाही.

आबांनी ते दसऱ्याला बाहेर काढायला सुरुवात केली. कोयता, विळा, होडीची वल्ही, नंतर तुझे पाने-पकडी, आणि या सगळ्यांच्या मधोमध पाटावर ते घड्याळ. हळदकुंकू, झेंडूचं फूल. आबांनंतर हे काम तुझ्याकडे आलं. सकाळी तू घड्याळ घेऊन मागच्या पडवीत बसायचास, आम्हा बायकांना तिकडे फिरकू द्यायचा नाहीस, आणि बाहेर यायचास तेव्हा ते असं झळकत असायचं की दारावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. बघायचा आणि पुढे जाऊन दुसऱ्याला सांगायचा, "शेटाचा सोना बघून आलो." दर दसऱ्याला आपण आपल्या हाताने आपल्या आज्याची चोरी पाटावर मांडायचो, दादा, आणि वर तिला फूल वाहायचो!

तू भांडायचास, नाही म्हणत नाही. कंपनीतून दमून आलास तरी नाक्यावर कुणी चकार शब्द काढला की तू उभाच. पण तू काय म्हणून भांडायचास? "शेटाने बक्षीस दिलंय. उधाणाला बांध फुटला, आज्याने रात्रभर अंगावर घेऊन वाचवला, म्हणून शेटाने स्वतःच्या खिशातलं विलायती घड्याळ काढून दिलं." ही बांधाची गोष्ट आबांनी कधी सांगितली नाही. आज्याने तर नाहीच नाही. ती तू रचलीस. इतकी वर्षं सांगितलीस की तुझा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसला.

माझा तुझा वाद तिथेच होता, आणि तो अजून मिटलेला नाही. मी विचारायची, बक्षीसच कशाला हवं? गाव म्हणतं शेटाचं चोरलं, तू म्हणतोस शेटाने दिलं. दोन्हीकडून घड्याळ शेटाचंच! आपल्या आज्याला हौस असू नये? बाजारात जाऊन, दुकानात शिरून, "ते दाखवा" म्हणायची त्याची छाती नसेल? तू म्हणायचास, "शोभे, तू शाळेत शिकवतेस ते पोरांना शिकव. मुकादमाला सोन्याचं घड्याळ परवडतं का?" घड्याळ सोन्याचं हे तर मीही धरूनच चालले होते.

म्हणून मी तुझ्या मागे लागले होते की निदान बनवणारा शोध. तबकडीवर नाव आहे ते मुंबईतल्या एका दुकानाचं; दुकानदार घड्याळ बनवत नसतो. नेरूळला आमच्या पलीकडच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ जुनी घड्याळं जमवतात, त्यांचा पत्ता मीच तुला दिला होता. तू कागद घडी करून खिशात घातलास आणि म्हणालास, "उघडायचं नाही म्हणजे नाही. परक्या माणसाने आत हात घातला की घड्याळ बाटतं." मी म्हटलं, तुला भीती वाटते. तू ताटावरून उठलास. आपण पुढे तीन महिने बोललो नाही, आणि बोलायला लागलो तेव्हा घड्याळ सोडून सगळं बोललो.

दहाव्यानंतर मी वहिनीकडून घड्याळ मागून घेतलं आणि तशीच नेरूळच्या त्या गृहस्थांकडे गेले. माणूस सभ्य. टेबलावर हिरवं कापड पसरलं, भिंग डोळ्याला लावलं, घड्याळ हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"हे मी पाहिलंय," ते म्हणाले. "गणपती झाल्यावर एक गृहस्थ घेऊन आले होते. उंच, पांढऱ्या मिशा. तुमचे कोण?"

दादा, मला काय वाटलं ते सांगते. आनंद वगैरे काही वाटला नाही. तुला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. माझ्या घरापासून चार इमारती पलीकडे आलास, माझ्याशी ज्यावरून ताट सोडून उठलास तेच करून गेलास, आणि माझ्याकडे चहालाही आला नाहीस!

त्यांनी मला सगळं पुन्हा दाखवलं. मागचं झाकण उघडलं. त्या झाकणावर बाहेरच्या बाजूला कधीकाळी अक्षरं होती, आता तिथे नुसती गुळगुळीत चकाकी. "कुणीतरी वर्षानुवर्षं घासून घासून नाव घालवलंय," ते म्हणाले. मग त्यांनी काटे अलगद काढले, तबकडी उचलली. खाली, जिथे कुणाचा हात पोचला नव्हता तिथे, मोहरीएवढा छाप होता, शिंपल्याचा. त्यांनी जाड पुस्तक उघडून तोच शिंपला मला दाखवला. स्वित्झर्लंडमधल्या कुठल्याशा गावातला कारखाना. नाव मी लिहून आणलंय, पण ते माझ्या जिभेला वळत नाही.

"विलायती साहेबाचं नाही?" मी विचारलं.

"छे हो. हे खास आपल्याकडच्या बाजारासाठी बनवायचे. ढिगाने यायची ही घड्याळं. मुंबईतले दुकानदार तबकडीवर आपलं नाव घालून विकायचे."

"आणि सोनं?"

"सोनं कुठलं? पितळ आहे. वर मुलामा होता, तो कधीच गेला." माझा चेहरा बघून बिचारे समजूत घालायला लागले. "वाईट वाटून घेऊ नका. चांगलं, कष्टाळू घड्याळ आहे. स्टेशनमास्तर, कारकून, मुकादम, अशी माणसं घ्यायची ही. शेटजींच्या खिशात हे सापडायचं नाही."

मुकादम! त्या माणसाला आपल्या घराबद्दल अक्षरही माहीत नव्हतं. तो सहज बोलून गेला, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. पितळेचं. म्हणजे शेटाचं नव्हे. म्हणजे आज्याचं. "माजा हाय" म्हणाला होता तो, आणि ते तंतोतंत खरं होतं. इतकी वर्षं आपण सोनं सोनं म्हणत त्याला चोर ठरवण्यात गावाला मदत करत होतो.

"माझ्या भावालाही हेच सांगितलंत?"

"शब्दन् शब्द. त्यांनी एवढंच विचारलं, पितळ नक्की का? मी नक्की म्हटलं. मग घड्याळ रुमालात बांधून निघाले. सरबतही घेतलं नाही."

घरी येईपर्यंत मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मला वाटलं, हा माणूस निर्दोष सुटल्याचा निकाल रुमालात बांधून मान खाली घालून घरी गेला! पितळ ऐकलं आणि याला लाज वाटली. चोराचं सोनं चाललं, इमानदाराचं पितळ चाललं नाही. बक्षिसाची गोष्ट खोटी ठरली म्हणून रुसून बसला असणार, आणि तसाच मेला. मला इतका राग आला की व्हॉट्सअॅपच्या डीपीवरचा तुझा फोटोसुद्धा मी आठवडाभर काढून टाकला होता.

मग राहवेना म्हणून बोनकोड्याला गेले आणि वहिनीला सगळं सांगितलं. म्हटलं, पितळ आहे ते. तिने कोळंबी सोलता सोलता वर पाहिलं.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली.

"तुला दादाने सांगितलं?"

"त्यांनी कशाला सांगाला पायजे? दर दसऱ्याला मना चिंच भिजत घालाला लावाचं. चिंच नि राख. सोन्याला कोन चिंच लावतंय गो? सोना कंदी काला परतो का?"

इतकी वर्षं तू पडवीत दार लोटून जे करायचास ते हे! समई घासावी तसं घड्याळ घासायचास. आबाही तेच करायचे, ते आज्याचं नाव राखायला बसायचे आणि कारखान्याचं नाव घासून टाकायचे. वर्षभरात काळं पडणाऱ्या वस्तूला पिढ्यान्पिढ्या चिंच लावली आणि घरातल्या एकाही पुरुषाला प्रश्न पडला नाही की हे सोनं काळं का पडतं? आणि ज्या बाईला उत्तर ठाऊक होतं तिला कुणी विचारलं नाही.

"तू बोलली का नाहीस?"

"माजा घड्याल हाय का तो? तुमचे घरचे पुरुस सोना बोलतान, मी कशाला वाकरी जाऊ?" मग कोळंबीची टोपली बाजूला सारून ती म्हणाली, "या वर्साला चिंच मागितली नाय त्यांनी. तसाच ठेवला पाटावर, कालाकुट्ट. मी बोलले, निदान पुसा तरी. तं बोलले, आज्यानं जसा घेतला तसा राहू दे."

घेतला. हा तुझा शब्द. वहिनीकडून मी तो दोनदा वदवून घेतला, दिला नव्हे, घेतला. म्हणजे तुला कळलं होतं, दादा! सगळं कळलं होतं. बक्षिसाची तुझी लाडकी गोष्ट तू स्वतः, कुणाला न सांगता, टाकून दिली होतीस. तिथे त्या ओट्यावर बसून मी रडले, आणि तुला मनातून घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्या परत घेतल्या.

निम्म्याच. कारण पुढचं ऐकून माझा पारा पुन्हा चढला. मी विचारलं, मग काकाला जाऊन सांगितलं का नाही? माझ्यापासून का लपवलं? वहिनी म्हणाली, "काका तवा दवाखान्यान व्हता ना, दसऱ्याला. छातीन पानी झालता. यांनी बोलले, म्हातारा बरा होऊन येऊ दे. आजारी मानसाशी काय भांडाचा? दिवालीनंतर बघू."

"आणि मला?"

"शोभाला कलला तं ती दवाखान्यान जाऊन भांडंल, बोलले."

गेलेच असते! सलाइनची बाटली धरून उभी राहून भांडले असते. ज्या माणसाने आयुष्यभर तुला नाक्यावर खाली मान घालायला लावली, त्याच्या छातीतलं पाणी उतरायची तू वाट बघत बसलास. त्याचं पाणी उतरलं, तो काठी टेकत घरी आला, फराळ खाल्ला, आणि त्याच आठवड्यात तू अंघोळ करून बाहेर आलास आणि उंबऱ्याशीच कोसळलास. मग तो तुझ्या दहाव्याला येऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, शेटाचा माल. हा तुझा चांगुलपणा, दादा. याचं मी काय करू? त्याचा मला अभिमान वाटतो आणि त्याच्यापायी माझ्या अंगाची लाही लाही होते, दोन्ही एकाच वेळी.

वहिनीच्या हातचा चहा घेतला आणि तशीच घड्याळ घेऊन काकाच्या बिल्डिंगखाली गेले. तो पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसला होता. सून वॉचमनशी बोलत उभी होती, भाडेकरू येत-जात होते. मला तेच हवं होतं.

"काका, शेटाचं घड्याळ कशाचं होतं?"

"सोन्याचा. गावाला म्हाईत हाय."

"नक्की?"

"बावनकशी. माजे बापानं डोल्यानं बघितलाय."

मी घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवलं. म्हटलं, धर घट्ट. थोडा वेळ मुठीत ठेव. त्याने धरलं. मग म्हटलं, आता ते मला दे आणि हात हुंग.

त्याने हुंगला. म्हाताऱ्याने जन्मभर हंडे-कळशा उचलल्या आहेत, त्याला सांगायला नको होतं. तरी मी सांगितलं, सुनेला आणि वॉचमनलाही ऐकू जाईल असं. पितळेचा वास आहे तो. स्वित्झर्लंडचा कारखाना आहे, छाप आहे, पुस्तकात नाव आहे. मुकादम लोकांसाठी बनवलेलं आहे. माझ्या आज्याने दुकानातून घेतलं.

"पितलाचा?" तो हसायला गेला. "येवरे वर्सा पितलाला फुला वाहिलीव?"

"वाहिली. आमचं आहे. पण मला दुसरंच विचारायचंय. शेटाच्या कानात कुणी सांगितलं होतं?"

हा प्रश्न आबांनी विचारला नव्हता, तू विचारला नव्हतास. शेटाच्या कानाला कोण लागलं ते मला ठाऊक नाही आणि आता कळणारही नाही. पण मुकादमी कुणाला मिळाली ते गावाला ठाऊक आहे. काकाने काठी या हातातून त्या हातात घेतली. सून पुढे आली, म्हणाली, "ताई, जाऊ दे ना, बाबांची तब्येत..." मी तिला हातानेच थांबवलं.

"सगली मेली आता," काका शेवटी म्हणाला. "तुजा आजा मेला, माजा बाप मेला, तुजा दादा मेला. कोनासाठी भांडतस?"

"जे मेले त्यांच्यासाठी. म्हण, माझा आजा चोर नव्हता."

मी हलले नाही. एक रिक्षा आली, माणसं उतरवून गेली. मग तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "दहाव्याला बोललास तेवढ्या मोठ्याने बोल."

"नव्हता," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. वॉचमनने वळून बघितलं, सुनेने मान खाली घातली. "तुजा आजा चोर नव्हता."

दादा, हे वाक्य ऐकायला आज्याचा जन्म गेला, आबांचा गेला, आणि तुझाही गेला. आणि ऐकलं कुणी, तर मी! तुझी जागा होती ती. त्या पार्किंगमध्ये तू उभा राहायला हवा होतास आणि मी तुझ्या मागे. बाकीचं सगळं मी तुला माफ केलं, पण त्या म्हाताऱ्याची तब्येत सुधारायची वाट बघत बसलास ना, ते मी सोडणार नाही.